माझ्या डाव्या कोपऱ्यातला उजेड

मित्रांनो, आज मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत, एक बिजागरी करकरते आणि मला उघडायचं तर दोन्ही हात लावावे लागतात. पण म्हातारपणाचं रडगाणं मी तुम्हाला ऐकवणार नाही. माझ्या हातून जे झालं, ते मी नवा कोरा असताना झालं. झाकणावरची पातळ फिल्मसुद्धा तेव्हा कुणी सोलली नव्हती. आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. तिथे इतका लख्ख उजेड होता की माणसांच्या सावल्याही धड पडत नसत. आता पडदा म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पडदा स्वतः उजळत नाही. त्याच्या पाठीमागे बारीक दिव्यांची एक पट्टी असते. तिचा उजेड पडदा कुठे जाऊ देतो, कुठे अडवतो. जिथे अडवतो तिथे तुम्हाला काळं दिसतं. म्हणजे बघा, माझं निम्मं काम उजेड देण्याचं आणि निम्मं तो अडवण्याचं. चौकट एखाद्या बाजूला जास्त आवळली गेली, की पडद्यावर ताण येतो आणि मागचा उजेड कडेनं गळायला लागतो.

मला चौकटीत बसवणारी बाई भली होती. शिफ्ट संपत आली होती, तिचे पाय दुखत होते. तिनं माझा खालचा डावा स्क्रू फिरवला आणि मग, घट्ट बसू दे बिचारा, म्हणून आणखी पाव फेरा दिला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं हो! पुढच्या टेबलावर मला काळं चित्र दाखवून तपासलं. पण त्या झगझगाटात काळ्यावरचा फिकट उजेड कुणाला दिसणार? माझ्यावर पास झाल्याचा शिक्का बसला आणि मी भलताच फुशारलो.

मला विकत घेतलं एका डॉक्टरबाईंनी. त्या गोळ्या देणाऱ्या किंवा सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या एक्स-रे वाचत. हाडं, छात्या, गुडघे, मणके. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं एक्स-रे केंद्र होतं. तिथे एकच मोठा, खास एक्स-रेसाठी बनवलेला पडदा होता आणि दुपारी त्याच्यासमोर दुसरे डॉक्टर बसत. म्हणून छातीचे एक्स-रे बाई दुपारी घरी वाचत. असल्या कामाला साधा लॅपटॉप वापरू नये, हे त्यांना ठाऊक होतं. "खास पडदा येईपर्यंत हा चालवून घेऊ," असं त्या स्वतःलाच म्हणाल्या.

त्यांची वाचायची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीला जाड पडदे, टेबलावर चहाच्या कपाचे गोल डाग, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी. करड्या रंगाच्या बारीकसारीक छटा अंधारातच नीट कळतात, म्हणून भर दुपारी तिथे मिट्ट काळोख करायचा. पहिल्या दिवशी मला उघडून त्या म्हणाल्या, "वा! काय स्वच्छ दिसतंय!" मित्रांनो, त्या शब्दांनी मी हरखून गेलो.

माझं पाप पहिल्यांदा त्यांच्या मिस्टरांनी पाहिलं. आल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्यावर सिनेमा बघत होते. चित्र काळं झालं आणि त्यांनी मान वाकडी केली.

"अगं, याच्या खालच्या कोपऱ्यात धुकं आल्यासारखं दिसतंय."

"बघू नंतर," बाई आतून म्हणाल्या. कुकरची शिट्टी होत होती.

मिस्टरांनी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "साहेब, नव्या पडद्यांना थोडं असतंच. बदलून हवाच असेल तर सात दिवसांत आणा, पण खोक्यासकट." खोका? खोक्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कापून मिस्टरांनी आदल्याच दिवशी कपाटाच्या फळ्यांवर अंथरल्या होत्या, आणि वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं. सिनेमापुरतं काय एवढं, म्हणून त्यांनी कानाडोळा केला. बाईंच्या तर ते लक्षातही राहिलं नाही.

आता बाईंच्या कामाची पद्धत सांगतो, कारण घोळ तिथेच झाला. एक्स-रे आधी अख्खा बघायचा. तेव्हा माझ्या डाव्या बाजूला रुग्णांच्या नावांची पांढरी यादी असायची आणि तिच्याखाली माझा कोपरा झाकलेला असायचा. मग यादी बंद करायची, चित्र मोठं करायचं आणि सगळ्यात शेवटी फुफ्फुसांची खालची टोकं तपासायची. छातीत पाणी साचलं किंवा जंतू शिरले तर कधीकधी त्याची पहिली खूण तिथेच दिसते. एक्स-रे समोरून बघतात, म्हणून माणसाचं उजवं ते पडद्याचं डावं. बाई उजव्या फुफ्फुसाचं टोक सरकवत सरकवत नेमकं माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणायच्या. वर्षानुवर्षांची सवय.

पहिला होता एक म्हातारा पहारेकरी. बाईंनी चित्र कोपऱ्यात आणलं, डोळे बारीक केले आणि लिहिलं, "उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी हलकी धूसर सावली."

एक्स-रेत फुफ्फुस काळं दिसतं आणि त्यावरच्या पांढुरक्या धुक्याला डॉक्टर सावली म्हणतात. सावली त्याची नव्हती. माझी होती!

मी ओरडलो असतो, पण कसा? माझ्या आवाजाच्या जाळ्या दुसऱ्यांचेच आवाज काढतात. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेच्या छातीत तीच सावली, मग एका पाववाल्याच्या, मग दोघा भावांच्या. हवा बदलली होती, जो तो खोकत होता. बाईंनी निष्कर्ष काढला की साथ आली आहे. हुशार माणसाची चूकही हुशार असते, ती कारणं शोधून आणते. केंद्रात एक्स-रे काढणाऱ्या काकांनी फोनवर विचारलंसुद्धा, "मॅडम, सगळ्यांचं उजवंच कसं काय हो?"

"काका, उजव्या बाजूची श्वासनळी जास्त सरळ असते. जंतू आधी तिकडेच उतरतात."

"असेल बुवा," काका म्हणाले. "मला आपलं इथल्या पडद्यावर साफ दिसतंय. पण तुम्ही बघितलंय म्हणजे बरोबरच असणार."

या काकांना सगळे श्वासकाका म्हणत. तीस वर्षं ते दिवसभर एकच मंत्र म्हणत आले होते, "श्वास घ्या... रोखून धरा... आता सोडा." घरी बायको रागावली तरी ते तिला हेच म्हणतात, अशी केंद्रात चेष्टा चालायची.

सहावा एक्स-रे एका बाईचा होता. चाळिशीची, खोकला नाही, ताप नाही, काही नाही. कागदावर लिहिलं होतं, "किडनी देण्यापूर्वीची तपासणी." तिच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. तो पोस्टमन. जिने चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेला माणूस, आता घरातल्या घरात भिंत धरून चालायचा. आठवड्यातून तीनदा यंत्रावर त्याचं रक्त धुवावं लागे. थोरल्या बहिणीचं रक्त जुळलं, पेशी जुळल्या, साखर ठीक, रक्तदाब ठीक. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. छातीचा एक्स-रे ही शेवटची, नावापुरती तपासणी.

बाईंनी तिचं उजवं टोक सरकवत माझ्या कोपऱ्याकडे आणायला सुरुवात केली.

नको, मी मनात म्हणालो. आज नको. हिचं नको. तेवढ्यात माझ्यावर एक पाटी आली, "अपडेट करण्यासाठी लॅपटॉप बंद करायचा का?" मी आनंदानं थरथरलो. हो म्हणा बाई, हो म्हणा! एकदा मी बंद पडलो की तुम्ही कंटाळून केंद्रात जाल, मोठ्या पडद्यावर बघाल. बाईंनी "नंतर" वर बोट ठेवलं.

आणि लिहिलं, "उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी धूसर सावली. संसर्गाची शक्यता. औषधं देऊन पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा."

झालं! ऑपरेशनची तारीख रद्द. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरात बसवलं की ते टिकावं म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करतात. तेव्हा देणाऱ्याच्या अंगात एकही जंतू चालत नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे बघितला. त्यांना काही दिसलं नाही. पण रिपोर्टात लिहिलंय म्हणजे असणार, उगाच कोण जबाबदारी घेणार? त्यांना कागद स्वच्छ हवा होता.

थोरलीनं फोन केला. बाईंनी तो माझ्याशेजारीच घेतला.

"मॅडम, मी फोनवर सारखं ते चित्र बघतेय. मला तर काहीच दिसत नाही त्यात."

"ताई, ते बघायला डोळा तयार व्हावा लागतो," बाई समजुतीनं म्हणाल्या. "पंधरा दिवस औषध घ्या. काळजी करू नका."

मित्रांनो, त्या घडीला त्या दोघींत फक्त थोरलीचंच बरोबर होतं, आणि हे मला एकट्याला माहीत होतं. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. झाकण मिटलेलं असलं की बरं वाटायचं. दुपार झाली, पडदे ओढल्याचा आवाज आला, की वाटायचं, आज माझी बिजागरीच अडकावी.

थोरलीनं औषधं घेतली. त्यांनी तिला मळमळ झाली, तोंड कडू पडलं, तरी एक गोळी चुकवली नाही. पंधराव्या दिवशी श्वासकाकांनी पुन्हा तिचा एक्स-रे काढला आणि तो दुपारी माझ्यावर आला. मला वेडी आशा होती की या वेळी तरी बाई चित्र जरा वर धरतील, जरा बाजूला ठेवतील. छे! हाताला वळण लागलेलं. टोक आलं ते थेट माझ्या कोपऱ्यात.

बाईंचा चेहरा पडला. "जैसे थे," त्या पुटपुटल्या. "औषधानं काडीचा फरक नाही." फरक पडणार कसा? औषध तिच्या पोटात गेलं होतं, दुखणं माझं होतं. आता त्यांना क्षयाची शंका आली. त्यांनी मोठा स्कॅन करायला लिहून दिलं. स्कॅनसाठी ही गर्दी, नंबर महिन्यानंतरचा.

आणि तिकडे महिना नव्हता. थोरलीनं दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी सगळं ऐकलं. रक्त धुवायला हातातली जी शीर वापरतात ती धाकट्याच्या डाव्या हाताची बंद पडली होती, उजव्याची आधीच गेली होती. आता मानेतून नळी घातली होती. ती जास्त दिवस ठेवता येत नाही, तिथून जंतू रक्तात शिरतात.

"मॅडम, तो मला म्हणतो, ताई, राहू दे आता, तू दमलीस. असं म्हणतो हो तो! मी काय करू सांगा. दुसरं औषध द्या, डबल द्या, मी सगळं घेते."

फोन ठेवल्यावर बाईंनी डोळ्यांवर तळवे दाबून धरले. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांनी तो एक्स-रे त्या दुपारी चार वेळा पाहिला. चारही वेळा माझ्यावरच पाहिला, चारही वेळा त्याच अंधारात, त्याच कोपऱ्यात. जितकं नीट बघायला जावं तितकी माझी सावली ठळक होत होती. मला वाटलं, टेबलावरून खाली पडावं आणि फुटून जावं. पण लॅपटॉपला स्वतःहून पडतासुद्धा येत नाही.

स्कॅनला दहा-बारा दिवस उरले असताना एका दुपारी दाराची बेल वाजली. श्वासकाका होते, आणि त्यांच्यामागे थोरली. रुग्णाला डॉक्टरांच्या घरी आणायचं नाही, हा केंद्राचा नियम काकांनी तीस वर्षांत पहिल्यांदा मोडला होता.

"मॅडम, रागवा हवं तर," काका दारातूनच म्हणाले. "सकाळपासून केंद्राच्या पायरीवर बसून होत्या या. मला बघवेना."

मिस्टरांनी पाणी आणलं. थोरलीनं पेल्याला हात लावला नाही.

"मी भांडायला आले नाही, मॅडम. मला फक्त तो डाग दाखवा. ज्याच्यापायी माझा भाऊ मरतोय तो मला एकदा डोळ्यांनी बघू दे."

"ताई, बघून तुम्हाला काही कळणार नाही."

"छातीतलं नाही कळणार. पण बावीस वर्षं मी डागच शोधते. माझं पोटच त्याच्यावर आहे."

ती कापडाच्या कारखान्यात तपासणीला होती. तिथे उजेड लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरसर पुढे जातं. तिनं उभं राहून नजर ठेवायची. कुठे गाठ आली, धागा सुटला, तेलाचा थेंब पडला, की तिथे चिठ्ठी चिकटवायची. तिच्या नजरेतून मुंगीएवढा डाग सुटत नसे, म्हणून तिला तिथे घार म्हणत. हे सगळं ती एका दमात सांगून गेली.

बाईंनी सुस्कारा टाकला, पडदे ओढले आणि मला उघडलं. यादी बंद केली, चित्र मोठं केलं, टोक कोपऱ्यात आणलं. "ही बघा. ही धुक्यासारखी दिसते ना, ती सावली."

थोरली वाकली. ती रडली नाही, हाय खाल्ली नाही. कामावर बघतात तसं तिनं मान एकदा इकडे कलती केली, एकदा तिकडे. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. मग ती म्हणाली,

"हे जरा वर सरकवता येईल?"

"कशाला?"

"सरकवा तर."

बाईंनी बोटानं चित्र वर सरकवलं. बरगड्या वर गेल्या, टोक वर गेलं. सावली जिथे होती तिथेच राहिली.

"आता उजवीकडे."

चित्र उजवीकडे गेलं. सावली जागची हलली नाही.

थोरलीनं माझ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. त्या बोटाला धाग्यांनी बारीक रेघा पडल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "मॅडम, डाग कापडाचा असेल तर तो कापडाबरोबर पुढे जातो. जागेवर राहिला तर तो काचेचा. मग आम्ही कापड नाही फाडत. काच पुसतो."

बाईंनी एक्स-रे बंद केला आणि नुसतं काळं पान उघडलं. मिट्ट काळ्या पडद्यावर, खाली डावीकडे, माझा फिकट उजेड एकटाच उरला. किती दिवसांनी मी उघडा पडलो होतो! मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटका वाटली.

बाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांची छाती हलेना. श्वासकाकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "मॅडम, श्वास सोडा."

मिस्टरांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. "मी म्हणालो होतो... धुकं म्हणून... मला वाटलं, सिनेमापुरतंच आहे."

तेव्हा थोरलीचा बांध फुटला. "पाच आठवडे, मॅडम! पाच आठवडे होत आले! मी तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, मला दिसत नाही. तुम्ही म्हणालात, डोळा लागतो. माझ्या भावाच्या मानेत नळी आहे! तुम्ही एकदा, एकदा दुसरीकडे बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काही बिघडलं नसतं," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. सगळी माझी." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. पण रडत बसायलाही वेळ नव्हता. डोळे पुसून, चपला उलट्यासुलट्या घालून त्या तशाच केंद्रात गेल्या. मला काकांनी काखेत मारून नेलं. मोठ्या पडद्यावर थोरलीचे दोन्ही एक्स-रे लावले. फुफ्फुसं आरशासारखी स्वच्छ. बाईंनी हॉस्पिटलला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्यात "तांत्रिक कारणामुळे" असं नाही लिहिलं. "माझ्या सदोष पडद्यामुळे आणि माझ्या निष्काळजीपणामुळे" असं लिहिलं. मग त्यांनी बाकीच्यांचे एक्स-रेही त्याच पडद्यावर पुन्हा पाहिले आणि एकेकाला फोन लावला. पहारेकऱ्याला क्षयाच्या भीतीनं कामावरून घरी बसवलं होतं. तो फोनवर एवढंच म्हणाला, "म्हणजे मी नातवाला जवळ घेऊ?" "घ्या, आजच घ्या," बाई म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, सुटलो. नाही हो. त्याच रात्री धाकट्याला हुडहुडी भरून ताप आला. ज्याची भीती होती तेच झालं, नळीतून जंतू रक्तात गेले. आता थोरलीचा कागद स्वच्छ होता आणि भाऊ ऑपरेशन सोसण्याच्या अवस्थेत नव्हता. रोज संध्याकाळी काका हॉस्पिटलात जायचे आणि बाईंना फोन करायचे. ताप एकशे तीन. ताप एकशे दोन. आज माणूस ओळखत नाही. आज दोन चमचे पेज गेली. बाईंना जेवण जाईना. त्या माझ्याकडे बघतही नसत, आणि बघितलं तर अशा बघत की मला वाटे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे पाच आठवडे कुणाचे होते? मला चौकटीत बसवणाऱ्या बाईचे, पाव फेऱ्याचे, खोक्याचे, सवयीचे? मी हिशेब लावत बसायचो आणि प्रत्येक वेळी स्वतःपाशीच येऊन थांबायचो.

त्याच दिवसांत मिस्टर मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं दुकानातले दिवे घालवले, काळं पान लावलं आणि म्हणाला, "हा तर चांगलाच गळतोय." कडेची पट्टी अलगद उचकटून त्यानं खालचा डावा स्क्रू पाव फेरा सैल केला. मऊ फडक्यानं कडेवरून हलकेच गोल गोल दाबलं. दहा मिनिटं लागली. उजेड जवळजवळ गेला, अगदी पुसट उरला. "आता चालेल," तो म्हणाला, "पण असल्या कामाला पुन्हा वापरू नका." दहा मिनिटं, मित्रांनो! एवढ्यासाठी एक माणूस तिकडे तापानं फणफणत पडला होता.

नवव्या दिवशी ताप उतरला. आणखी पाच दिवस डॉक्टरांनी वाट पाहिली. मग एका सकाळी बहीण-भावाला शेजारशेजारच्या खोल्यांत आत नेलं. त्या दिवशी बाई केंद्रात गेल्याच नाहीत. मागच्या खोलीत येऊन बसल्या. पडदे उघडेच होते. मी टेबलावर मिटलेला, माझ्यावर त्यांचा फोन. अकरा वाजले. बारा वाजले. मिस्टरांनी चहा आणून ठेवला, तो निवला, त्यांनी दुसरा आणला, तोही निवला. एक वाजला आणि फोन थरथरला. काकाच होते. इतके ओरडत होते की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"मॅडम, झाली! झाली!"

"काय झाली?"

"लघवी, मॅडम! टेबलावरच झाली! किडनी बसवली आणि लगेच सुरू झाली म्हणे!"

बाई ताडकन उठल्या. "किती?"

"पिशवी भरत आली! सगळे नाचताहेत इथे! नर्स आम्हाला रागावल्या!"

"आणि ताई?"

"ताई शुद्धीवर आहेत. पहिलं काय विचारलं असेल? हेच विचारलं. मी म्हणालो, भरपूर! तर हसल्या आणि परत झोपल्या."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारख्या रडल्या. मिस्टर धावत आले. "अगं काय झालं?"

"लघवी झाली," बाई हुंदके देत म्हणाल्या.

"कुणाला?"

मित्रांनो, इतक्या आठवड्यांत मी पहिल्यांदा त्या खोलीत कुणाला रडता रडता हसताना ऐकलं.

त्यानंतर बाईंनी माझ्यावर एकही एक्स-रे वाचला नाही. खास पडदा येईपर्यंत त्या दुपारीही केंद्रातच थांबू लागल्या. मी केंद्राच्या खिडकीपाशी नावं लिहून घ्यायच्या कामाला लागलो. भरपूर उजेड, पांढरं पान, त्यावर काळी अक्षरं. माझा दोष तिथे कुणाला बाधत नाही. बरीच वर्षं झाली. तरी कधी पडदा मिनिटभर काळा झाला की माझ्या मनात धस्स होतं. पहारेकरी आठवतो, ते दोघे भाऊ आठवतात, मानेतली नळी आठवते. मी पाहिलेली नाही ती, नुसती ऐकली, पण आठवते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. नवी वस्तू घरी आली की तिचं कौतुक करा, पण तिला एकदा अंधारात बसवून तपासा. काही खटकलं तर "बघू नंतर" म्हणू नका, त्याच दिवशी बघा. आम्हा वस्तूंना खोटं बोलायची हौस नसते, पण खरं सांगायला तोंडही नसतं. आम्ही दाखवतो ते तुम्ही खरं मानता, आणि चुकलो तर भोगतो तिसराच कुणीतरी. तेव्हा कुणाच्याही अंगावर, कुणाच्याही नावावर डाग दिसला, तर लिहायच्या आधी एवढं माझ्यासाठी करा. चित्र जरा सरकवून बघा.